लेंडीच्या काठावर पहिला हक्क कोणाचा?

१७ ऑगस्ट २०२५ ची रात्र मुखेड तालुका विसरणार नाही. उदगीरच्या आणि कर्नाटकच्या बाजूने पाण्याचा लोंढा आला आणि पहाट होण्याआधी हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगोली ही गावे पाण्यात गेली. माणसे छपरावर चढून बसली. काहींना बोटीतून बाहेर काढले, काही बुडून मेली. दावणीला बांधलेली जनावरे दावणीलाच गेली. ही सारी गावे लेंडी प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातील. १९८० च्या दशकात मंजूर झालेले हे आंतरराज्य धरण गोजेगावजवळ रखडत रखडत उभे राहिले. आधी पुनर्वसन, मग घळभरणी, अशी गावकऱ्यांची मागणी होती. पुनर्वसन अपुरे राहिले, घळभरणीचे काम मात्र पुढे गेले आणि गावात माणसे राहत असतानाच पाणी आले.

त्या पुराची चर्चा झाली, पंचनामे झाले, मदतीचे आकडे जाहीर झाले. त्या रात्रीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि तो विचारला जात आहे. आम्ही आज त्याच्या पुढचा प्रश्न मांडत आहोत. लेंडीचे धरण पूर्ण भरू लागेल, तेव्हा नव्या तलावाला नवा काठ तयार होईल. त्या काठावर मासे वाढतील, पक्षी उतरतील. मग कोणीतरी म्हणेल की हा काठ राखला पाहिजे. ते म्हणणे बरोबरच असेल. पण तो राखायचा कोणी, कोणत्या कायद्याने आणि कोणाला बाहेर ठेवून? हे आज ठरले नाही, तर उद्या आपल्याला न विचारता ठरेल. अशा वेळी कुंपणाच्या बाहेर कोण राहते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

पाण्याकाठची जमीन मासे, पक्षी आणि वन्यजीवांसाठी राखून ठेवावी, हा विचार आपल्या चळवळीत थोडा परका वाटतो. काही कार्यकर्ते तर सरळ म्हणतात, "माणसाला घर बांधायला दोन गुंठे मिळत नाहीत आणि तुम्ही बगळ्यांसाठी जमीन मागता?" हा राग समजण्यासारखा आहे. पण तो चुकीच्या ठिकाणी निघतो आहे, असे आम्हाला वाटते. का, ते पाहू.

तलावाचे सोने त्याच्या काठाला असते. मधले खोल पाणी शेताला आणि नळाला उपयोगी पडते, पण माशांची पैदास उथळ पाण्यात होते. मृगाच्या पहिल्या पुरात मासा प्रवाहाच्या उलट चढतो आणि नव्याने बुडालेल्या गवतात, ओढ्याच्या तोंडाशी अंडी टाकतो. बारीक पिल्ले लव्हाळ्यात आणि पाणकणसात लपून वाढतात. मरळीसारखा मासा तर काठच्या गवतातच घरटे करून पिल्ले राखतो. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. नदीसुरय पक्षी वाळूच्या बेटावर अंडी घालतो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चक्रवाक, पट्टकादंब आणि बदके काठच्या चिखलावर आणि हरभऱ्याच्या रानावर जगतात. हा काठ नांगरला, जाळला, त्यावर मुरूम टाकून हॉटेल बांधले किंवा त्यातली वाळू उपसून नेली, की पाणी तेवढेच दिसते पण त्यातला जीव जातो. मग दरवर्षी बाहेरून मत्स्यबीज आणून सोडावे लागते आणि तरीही जाळ्यात चिलापीच येते.

म्हणजे काठ मोडला तर पहिले पोट कोणाचे मरते? भोई, कहार, कोळी आणि गावकुसाबाहेरच्या भूमिहीन माणसाचे. ज्याच्याकडे तीस एकर ऊस आहे त्याला मरळ संपली काय आणि राहिली काय! ज्याच्या घरात मजुरी नसलेल्या दिवशी ओढ्यातून आणलेल्या माशांवरच चूल पेटते, त्याला काठ हवा आहे. पाण्याकाठचे रान राखणे हा शहरातल्या दुर्बीणवाल्यांचा छंद आहे, हा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे. हा गरिबाच्या ताटाचा प्रश्न आहे.

मग अडचण कुठे आहे? राखण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे राखणे म्हणजे माणूस हाकलणे, असा अर्थ रूढ झाला आहे. दोन उदाहरणे देतो. एक दूरचे आणि एक आपल्या मराठवाड्याचे.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव हे पक्ष्यांचे जगप्रसिद्ध रान. १९८२ मध्ये तिथे एकाएकी चराईबंदी झाली. आसपासच्या गावांतील पशुपालकांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली. कुंपण पक्के झाले. पुढे काय घडले? बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने तिथे दहा वर्षे अभ्यास केला. म्हशी बंद झाल्यावर गवत बेसुमार वाढले, उथळ पाणी गवताने गच्च भरले आणि अनेक पक्ष्यांना उतरायला मोकळी जागा उरली नाही, असे त्यात दिसून आले. ज्या पक्ष्यांसाठी माणसे मारली, त्या पक्ष्यांचेच नुकसान झाले! म्हैस आणि गुराखी हे त्या पाणथळीचे शत्रू नव्हते. ते तिचा भाग होते. पण हे गोळीबारापूर्वी कोणी गुराख्याला विचारले नाही.

दुसरे उदाहरण जायकवाडीचे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. नाथसागरासाठी शेकडो गावांच्या जमिनी गेल्या. ही जमीन पाण्यासाठी घेतली होती, पक्ष्यांसाठी नव्हे. पण पाणी आले, पाठोपाठ रोहित पक्षी आले, चक्रवाक आले, आणि १९८६ मध्ये ३४१ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. २०१७ मध्ये त्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली. पण याच पाण्याच्या काठावर प्रकल्पग्रस्त आणि इतर शेतकरी गाळपेर करतात, म्हणजे पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या गाळात एक पीक घेतात. याच पाण्यात मच्छीमार जाळे टाकतात. एकाच जमिनीवर पाटबंधारे खात्याचा ताबा, वन खात्याची अधिसूचना, मत्स्य खात्याचा ठेका आणि गाळपेर करणाऱ्याचे पोट! या चौघांना एका टेबलावर बसवून काठाचा कोणता पट्टा पक्ष्यांना, कोणता शेतीला आणि कोणता माशांच्या अंड्यांना, हे अधिसूचनेच्या आधीच ठरायला हवे होते. तसे ठरले असते तर आजचा झगडा उभा राहिला नसता.

याच जायकवाडीवर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कहार समाजाच्या नावाची एक संस्था हरित न्यायाधिकरणात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला, आणि या संस्थेला पैसा कोण पुरवते, असा प्रश्नही केला. त्या प्रकरणाच्या गुणदोषात आम्ही जात नाही. पण वकील म्हणून एक धडा नोंदवतो. मच्छीमाराचा हक्क आधी कागदावर सिद्ध झालेला नसेल, तर ऐनवेळी कोर्टात गेल्यावर "तुम्ही कोण?" हाच पहिला प्रश्न येतो.

आता मुखेडकडे वळू. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही तालुक्यातील काही गावांत फिरलो. एका गावात गायरानावर तीस वर्षांपासून कसणारी एक म्हातारी भेटली. तिने पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून दिला आणि म्हणाली, "दादा, माह्या नावाचं काहीच नाही. सातबारा नाही, घराचा उतारा नाही. ही नोटीस तेवढी माह्या नावाची हाये." ती अतिक्रमण काढण्याची नोटीस होती. सरकारदरबारी ह्या बाईचे अस्तित्व फक्त अतिक्रमण करणारी म्हणून नोंदले गेले आहे. उद्या तिचे गायरान पाण्याखाली गेले किंवा पक्ष्यांसाठी राखले गेले, तर तिला मोबदला कशाचा मिळणार? जमीन सरकारची आणि झोपडी बेकायदा!

ही एका बाईची गोष्ट नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसे तुरुंगात गेली, तेव्हा कुठे पडीक जमिनीवर भूमिहीनांचा हक्क हा शब्द सरकारच्या कानावर गेला. मराठवाड्यात गायरानासाठी एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी उभे आयुष्य घातले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तारखेची निवड पाहा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा आरंभ! पण किती जणांच्या हातात प्रत्यक्ष सातबारा पडला? २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, तेव्हा गावोगाव नोटिसा निघाल्या. त्यात टोलेजंग बांधकाम करणारा पुढारी आणि दोन एकर कसणारा भूमिहीन एकाच ओळीत उभे केले गेले.

इथे एक कायद्याचा मुद्दा कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा. तलाव आणि गायराने वाचवण्यासाठी अधिकारी ज्या निकालाचा दाखला देतात, तो जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल. पंजाबातल्या एका गावाचे तळे बुजवून काही लोकांनी घरे बांधली होती. न्यायालयाने ती जागा गावाला परत द्यायला सांगितले आणि देशभरातील सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याच्या योजना राज्यांनी तयार कराव्यात असा आदेश दिला. निकाल चांगलाच आहे. गावाचे तळे गावाचे राहिले पाहिजे. पण त्याच निकालात एक अपवाद लिहिला आहे. सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल, अशा अपवादात्मक प्रकरणी नियमित करता येईल. नोटिशीत निकालाचे नाव येते, अपवाद येत नाही. तो आपण उत्तरात लिहायचा.

आता लेंडीच्या काठाला कोणता कायदा लागू होईल ते पाहू. पाणथळ जागांविषयी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पण त्यांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे लेंडी असो, लिंबोटी असो की बारूळचा मानार प्रकल्प असो, हे जलाशय त्या नियमांच्या संरक्षणात आपोआप येत नाहीत. राहिला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यात दोन वाटा आहेत आणि दोन्हींत मोठा फरक आहे.

पहिली वाट अभयारण्याची. कलम १८ पासून ती सुरू होते. सरकार अभयारण्याचा इरादा जाहीर करते, जिल्हाधिकारी लोकांच्या हक्कांची चौकशी करतात, हक्क सांगण्यासाठी जाहीरनाम्यापासून दोन महिन्यांची मुदत मिळते, आणि मग हक्क मान्य होतात, फेटाळले जातात किंवा संपादित केले जातात. दोन महिने! ज्या माणसाला सातबारा मिळवायला तीस वर्षे पुरली नाहीत, त्याने दोन महिन्यांत आपला हक्क लेखी सिद्ध करायचा.

दुसरी वाट २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने उघडली. कलम ३६-अ प्रमाणे सरकारी मालकीच्या जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून, संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करता येते. त्याच्या समितीवर त्या क्षेत्रातील ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. कलम ३६-क प्रमाणे खाजगी किंवा सामुदायिक जमिनीवर, लोक स्वतःहून तयार असतील तर, सामुदायिक राखीव क्षेत्र करता येते. इथे कोणाची जमीन हिसकावून घ्यावी लागत नाही. लेंडीच्या बुडीत क्षेत्राची जमीन तर आधीच संपादित झाली आहे. तिच्यासाठी पुन्हा एकही एकर गरिबाकडून घेण्याची गरज नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. लेंडीचा काठ राखायचाच तर तो दुसऱ्या वाटेने राखावा, आणि समितीवर ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी म्हणून नेहमीचा पाटील-पुढारी न जाता प्रकल्पग्रस्त, भूमिहीन आणि मच्छीमार बसला पाहिजे.

मासेमारीच्या हक्काचा कायदा तर आपल्या लोकांना जवळपास माहीतच नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१, उपकलम ८ वाचा. बाधित क्षेत्रातील नदी, तळे किंवा धरणात मासेमारीचे हक्क असलेल्या बाधित अनुसूचित जमाती, पारंपरिक वननिवासी आणि अनुसूचित जातींना सिंचन प्रकल्पाच्या जलाशयात मासेमारीचे हक्क दिले जातील, असे तिथे म्हटले आहे. 'दिले जातील', हे बंधन आहे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत इतर सर्व बाधित कुटुंबांना असे हक्क 'देता येतील' असे म्हटले आहे. दोन शब्दांतला हा फरक साधा नाही. आणखी एक गोष्ट. या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त सातबारावाला नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात राबणारा शेतमजूर, बटईदार, कारागीर आणि पाण्यावर पोट असणारा मच्छीमार, नावाडी हेही बाधित कुटुंबातच येतात.

यात दोन अडचणी आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. एक म्हणजे लेंडीसारख्या जुन्या प्रकल्पात बरेचसे संपादन १८९४ च्या जुन्या कायद्याने झालेले असते. जिथे निवाडा २०१४ च्या आधीचा आहे, तिथे नव्या कायद्याचा हक्क सरसकट सांगता येत नाही. तिथे राज्याच्या १९९९ च्या पुनर्वसन अधिनियमाचा आणि शासनाच्या धोरणाचा आधार घेऊन भांडावे लागेल. म्हणून आपल्या गावाचा निवाडा कोणत्या तारखेचा, हे आधी काढले पाहिजे. दुसरी अडचण जास्त खोल आहे. कायदा म्हणतो, ज्यांना मासेमारीचे हक्क होते त्यांना. आपल्या माणसाला तो हक्क कागदावर कधी होता? ओढ्यात मासे धरले ते पिढ्यान् पिढ्या, पण नोंद कुठेच नाही. निजामाच्या राजवटीत गावकीची कामे लिहिली गेली, हक्क लिहिले गेले नाहीत. वहिवाट होती, पण ती लिहिण्याची लेखणी दुसऱ्याच्या हातात होती.

चवदार तळ्याचा खटला आठवा. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा फार थोड्यांना ठाऊक आहे. सवर्ण वादींचे म्हणणे होते की तळे त्यांच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची प्रथा फार पूर्वीपासूनची आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. तळे नगरपालिकेकडे आलेले ठरले आणि अशी अनादी प्रथा सिद्ध झाली नाही, असे ठरले. सत्याग्रहाने पाणी हातात आले, पण ते हातात टिकले कागदामुळे. तळ्याची मालकी कोणाची आणि वहिवाट कोणाची, हे प्रश्न बाबासाहेबांनी कोर्टात पुराव्यानिशी लढवले. लेंडीच्या काठावर आपल्याला हाच अभ्यास करायचा आहे.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांचे जे नियोजन केले, त्याचा गाभाच हा होता की नदीचा विचार एका कामापुरता करायचा नाही. पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करायचा. आज त्या यादीत मासे, पक्षी आणि काठावरचा माणूस यांची भर घालणे, हे त्यांच्या विचाराला धरूनच आहे. आणि ज्यांना वाटते की प्राणी-पक्ष्यांची चिंता आपल्या परंपरेत नाही, त्यांनी सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख पाहावा. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या त्या लेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. त्यात पाण्यातले जीवही आहेत, आणि ठराविक दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत असा आदेश आहे. विनाकारण रान जाळू नये, असेही त्यात आहे. बावीसशे वर्षांपूर्वी या देशाच्या राजाने हे दगडावर लिहून ठेवले. आपण ते परके म्हणून सोडून द्यायचे काय?

बाहेरच्या जगात पाण्याकाठची जमीन कशी राखतात, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९३४ पासून बदकांची शिकार करणाऱ्याला एक तिकीट विकत घ्यावे लागते. त्या तिकिटाच्या दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमीन विकत किंवा भाड्याने घेण्यासाठी वापरले जातात. अनेक ठिकाणी जमीन शेतकऱ्याच्याच मालकीची राहते, पाणथळ मोडणार नाही एवढा करार करून त्याला पैसे दिले जातात. म्हणजे ज्याला पक्ष्यांची मजा घ्यायची आहे त्याच्या खिशातून पैसा येतो आणि ज्याची जमीन आहे त्याला मोबदला मिळतो. आपल्याकडे मजा पर्यटकाची आणि त्याग भूमिहीनाचा! अर्थात अमेरिकेतही मूळ रहिवाशांना नदीकाठावरून हाकलले गेलेच होते. पण वॉशिंग्टन राज्यातील जमातींनी १८५० च्या दशकातले करार कोर्टात पुढे केले आणि १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा या जमातींचा आहे. १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम केला. आज त्या जमाती राज्य सरकारच्या बरोबरीने बसून माशांचे संवर्धन ठरवतात. हक्क मिळाला म्हणून मासे संपले नाहीत. हक्कदारच राखणदार झाला.

आम्ही लेंडीसाठी हेच मागत आहोत. आपल्या मागण्या काय असाव्यात ते थोडक्यात सांगतो.

पहिली मागणी, हसनाळ, रावणगाव आणि सर्व बुडीत गावांचे पुनर्वसन पूर्ण झाल्याशिवाय काठाच्या कोणत्याही योजनेची चर्चा नको. माणूस पाण्यात आणि पक्षी नकाशावर, हे चालणार नाही.

दुसरी, काठ राखण्यासाठी गायरानाची किंवा भूमिहीनांनी कसलेली एक गुंठाही जमीन घ्यायची नाही. जमीन हवी असेल तर संपादित पण न बुडणाऱ्या जमिनीवर कोणी धनदांडग्याने ताबा मारला आहे काय, हे आधी मोजावे.

तिसरी, गाळपेर जमिनीचे वाटप प्रकल्पग्रस्तांना आणि त्यांच्यातील भूमिहीनांना प्रथम व्हावे, पण पाण्यालगतचा एक पट्टा न नांगरता ठेवावा आणि गाळपेरीत विषारी फवारणी बंद असावी. तो पट्टा सोडल्याचा आणि राखल्याचा मोबदला त्याच कुटुंबांना मजुरी म्हणून मिळावा. इथे आपल्या लोकांनाही शिस्त पाळावी लागेल. पावसाळ्यातल्या विणीच्या दिवसांत जाळे बंद आणि बारीक आसाचे जाळे कायमचे बंद, हे आपण स्वतःवर घालून घेतले तरच दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार राहतो.

चौथी, जलाशयातील मासेमारी बाहेरच्या ठेकेदाराला न देता बाधितांच्या सहकारी संस्थेला मिळावी, आणि त्या संस्थेत अनुसूचित जातीचे सभासद नावापुरते नसावेत. कागदावर संस्था गरिबांची आणि पडद्यामागे व्यापारी, हा प्रकार आपण इतरत्र पाहिला आहे.

पाचवी, वाळू. देगलूर-बिलोलीकडे मांजरेच्या वाळूचे काय झाले ते आपण पाहतो. नदीचा काठ मोडणारा खरा हात यंत्राचा आहे, टोपलीचा नाही. काठ राखण्याची सुरुवात वाळूच्या यंत्रापासून करावी, म्हातारीच्या झोपडीपासून नव्हे.

आणि कार्यकर्त्यांचे काम? निवेदन देऊन फोटो काढण्याने हे होणार नाही. प्रत्येक बुडीत गावात बसून यादी करा. कोण मजुरी करत होते, कोण बटईने करत होते, कोणत्या घरचे लोक कोणत्या डोहात मासे धरत होते, ते म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. डोहांची नावे लिहा, ओढ्यांची नावे लिहा. पाणी चढले की ती नावेही बुडतील. ग्रामसभेत ठराव घ्या, त्याची प्रत जपून ठेवा. माहिती अधिकारात निवाड्याची तारीख, संपादित क्षेत्राचा नकाशा आणि गाळपेर वाटपाची यादी मागा. प्रतिज्ञापत्रे करून ठेवा. ही कागदे आज रद्दी वाटतील. पण जेव्हा दोन महिन्यांची मुदत देणारा जाहीरनामा चावडीवर चिकटेल, तेव्हा हीच कागदे कामाला येतील. आमच्यासारखे वकील तेव्हा उभे राहू शकतील ते या कागदांच्या जोरावर, भाषणांच्या जोरावर नाही.

त्या म्हातारीला आम्ही विचारले होते, ओढ्यात मासे कोणते मिळायचे? तिने बोटांवर मोजत मरळ, वाम, शिंगाळा, झिंगा अशी नावे सांगितली. कुठल्या महिन्यात कुठला, कुठल्या डोहात किती, अंडी असलेली मादी कशी ओळखायची आणि ती का सोडून द्यायची, हेही सांगितले. एवढे ज्ञान असलेली बाई सरकारच्या नोंदीत अतिक्रमण करणारी आहे! लेंडीचा काठ राखायला माणूस शोधत असाल तर तो शोधायला मुंबईला जाण्याची गरज नाही. तिच्या नावाने दुसरा एक कागद काढा. त्यावर राखणदार असे लिहा, खाली हक्क लिहा, आणि त्यावर सरकारचा शिक्का मारा.

जयभीम!